विचारू नये

पंखा मी तीनदा बंद केला. एप्रिलचा महिना, मिरजेचा उकाडा, घरात पंचवीस-तीस माणसं, आणि मी आपली उठून बटण बंद करून येत होते. प्रत्येक वेळी कुणीतरी पुन्हा लावायचं. शेवटी समोरच्या काकू माझा हात धरून म्हणाल्या, "असू दे गं. वारा लागू दे त्यांना." हिचं डोकं ठिकाणावर नाही, असंच सगळ्यांना वाटलं असणार.

ठिकाणावरच होतं. माणूस गेल्यावर डोळ्याच्या पुढचा पारदर्शक पडदा सुकायला लागतो. म्हणून पापण्या मिटायच्या, वर ओल्या कापसाच्या घड्या ठेवायच्या, डोक्याखाली उशी घेऊन डोकं थोडं उंच करायचं आणि पंखा बंद ठेवायचा. सहा तासांच्या आत नेत्रपेढीची माणसं यायला हवीत. हे सगळं मला पाठ होतं, कारण यांनी तीस वर्षं दुसऱ्यांच्या घरी जाऊन रडणाऱ्या माणसांना तेच सांगितलं होतं, आणि घरी येऊन मला पुन्हा सांगितलं होतं. पहाटे पाचच्या सुमाराला हे गेले. आठला माणसं आली. वीस मिनिटांत त्यांचं काम झालं. पूर्ण डोळा नेतात आणि खोबणी रिकामी दिसते, असं बऱ्याच जणांना वाटतं. तसं काही दिसत नाही. झोपलेत असंच वाटत होतं. ती माणसं जिना उतरली तेव्हा मी उठून पंखा लावला. पाचवर.

हे मिरज स्टेशनवर टीसी होते. टीसी हा माणूस कुणाला आवडतो? मला तरी कुठं आवडला होता! १९८१ साली लातूरहून लग्न होऊन आले ती बार्शी लाइट रेल्वेच्या छोट्या गाडीनं. अडीच फुटी रूळ, उतरून चालत गेलं तरी पुन्हा गाठता येईल असा तिचा वेग. येडशी, बार्शी, कुर्डुवाडी, पंढरपूर करत वऱ्हाड चाललं होतं. त्यात माझ्या मामाचं तिकीट नव्हतं. जावई रेल्वेत, आता तिकीट कशाला, असा त्याचा हिशोब. नवऱ्या मुलानं मुंडावळ्या सोडल्या नव्हत्या तरी ड्यूटीवरच्या सहकाऱ्याला बोलावून मामाची पावती फाडायला लावली. दंड स्वतःच्या खिशातून भरला. मामा त्यानंतर बावीस वर्षं जगला. ही गोष्ट त्यानं प्रत्येक लग्नात सांगितली, आणि दंड यांनी भरला हे प्रत्येक वेळी गाळलं.

त्या काळी मिरज स्टेशनात तिन्ही मापांचे रूळ यायचे. पुणे-कोल्हापूर मोठे, हुबळीकडचे मीटरचे आणि आमच्या लातूरचे छोटे. तिन्हीकडून येणाऱ्या गर्दीत आजारी माणूस हमखास असायचा. १८९४ साली डॉ. विल्यम वॉन्लेस यांचं मिशन हॉस्पिटल इथं उभं राहिलं आणि तेव्हापासून हे गाव दवाखान्यांचंच झालं. अथणी, विजापूर, गोकाक, सांगोला, खाली कोकण, कुठलाही पेशंट तिथं जमेना म्हटलं की "मिरजेला न्या". गेटवर उभ्या टीसीला हे सगळं आधी दिसतं. तिकीट मागायला हात पुढं करावा तर समोरच्याच्या हातात तिकिटाऐवजी डॉक्टरची चिठ्ठी. हे चिठ्ठी वाचायचे आणि कुठल्या दवाखान्यात जायचं, टांग्याला किती द्यायचे, धर्मशाळा कुठं, सगळं सांगायचे. कानडी माणसांसाठी चारच शब्द शिकले होते. त्यातला एक ते इतका वापरत की आमच्या लेकीचा तो पहिल्या दहा शब्दांतला शब्द ठरला. हेदरब्याड्री. घाबरू नका.

रक्ताचं काम त्यातूनच सुरू झालं. तेव्हा पैसे घेऊन रक्त देणारी माणसं असायची. कुणाचं पोट त्यावर चालायचं, कुणाची दारू. महिन्यात दोन-दोनदा देणारे, हडकलेले, पिवळे पडलेले. सुप्रीम कोर्टाच्या निकालामुळे १ जानेवारी १९९८ पासून ते पूर्ण बंद झालं. चांगलंच झालं, पण त्या दिवसापासून आमच्या घरातला फोन दुप्पट वाजायला लागला. पैसे देऊन मिळणारं रक्त थांबलं म्हणून पेशंटची गरज थोडीच थांबते.

यांच्याकडे वही होती. लाल कापडी बांधणीची, दुकानदार खतावणीला वापरतात तसली. प्रत्येक गटाला वेगळी पानं. नाव, गल्ली, फोन, शेवटचं रक्त कधी दिलं ती तारीख, आणि शेवटी शेऱ्याचा रकाना. फोन बहुतेक सगळे 'पीपी', म्हणजे शेजाऱ्याकडचे. रात्री एकला फोन केला की आधी शेजाऱ्याच्या शिव्या खायच्या, मग तो उठून ज्याला हवं त्याला उठवणार. शेऱ्याचा रकाना वाचायला मला फार आवडायचं. 'उपाशी येतो, आधी खायला घालणे.' 'सुई बघून चक्कर, बोलत ठेवणे.' 'बायकोला सांगू नये.' सतारमेकर गल्लीतले एक तंबोरेवाले यांचे जिवलग मित्र. त्यांच्यापुढं लिहिलं होतं, 'डाव्या हातातूनच. उजव्यानं जवारी लावतात.' जवारी म्हणजे तार गुंजावी म्हणून तिच्याखालची घोडी घासून बसवणं. संध्याकाळची ड्यूटी नसली की हे त्यांच्या दुकानात जाऊन बसत. दोघंही फार बोलत नसत. ते भोपळा घासायचे, हे वहीतल्या तारखा बघायचे. कुणाचे तीन महिने भरले, कुणाचे भरायचेत. पुरुषाला तीन महिन्यांनी, बाईला चार महिन्यांनी. त्याच्या आत नाही म्हणजे नाही.

एका पानावर एकच नाव होतं. वर लिहिलेलं, 'बॉम्बे'. हा गट मुंबईच्या डॉ. भेंडे यांनी १९५२ साली शोधला, म्हणून त्याचं नाव तसं. साध्या तपासणीत ओ वाटतो, पण या माणसाला ओ गटाचंही रक्त चालत नाही. बॉम्बेला बॉम्बेच लागतं, आणि आपल्याकडे असा माणूस दहा हजारांत एखादा. यांना सापडलेला तो कॉलेजातला पोरगा होता. त्याच्या नावापुढं शेरा होता, 'आणि यालाच लागलं तर?' पुढं तो पोरगा नोकरीला परदेशी गेला. पान तसंच राहिलं.

आता माझं गाऱ्हाणं सांगते. इतके दिवस लोक येऊन यांच्याबद्दल चांगलं बोलून गेले. मीही मान डोलावली. पण अशा माणसाचं घर कोण चालवतं, हे त्यात कुणी बोललं नाही.

भाताला मी कायम एक वाटी तांदूळ जास्त घेतला. रात्री महालक्ष्मी एक्स्प्रेस गेली की यांची सायकल वाजायची, आणि दोन सायकली वाजल्या किंवा सायकलीबरोबर चपलांचा आवाज आला की मी पिठल्याला फोडणी टाकायची. कुणाची सून ऑपरेशन टेबलावर, कुणाचा मुलगा बोअरच्या मशीनमध्ये हात गेलेला. गॅलरीत गादी घालायची. सकाळी त्यांना चहा, आंघोळीला पाणी. एकदा एका म्हाताऱ्याबरोबर आमचा पाच लिटरचा कुकर गेला, कारण त्याला धर्मशाळेत पेशंटसाठी मऊ भात करायचा होता. तो म्हणाला, आणून देतो. ते साल १९८८. मी अजून वाट बघते आहे.

आणि इतकं करून घरात यायचं काय? काही नाही. देवगडकडच्या एका कुटुंबातल्या बाईला इथं बाळंतपणात रक्त लागलं होतं. ती माणसं दर मे महिन्यात हापूसची पेटी घेऊन यायची. हे दारातूनच हात जोडायचे. "आज पेटी घेतली तर उद्या गेटवर तुमच्याकडे तिकीट कुठल्या तोंडानं मागू?" अहो, त्यांचं गाव कोकणात, ते एसटीनं येतात, तिकीट कंडक्टर फाडतो, हे मी आतून ओरडून सांगायची. पेटीतल्या गवताचा वास घरभर, आणि पेटी परत जिन्यावरून खाली. लेक खिडकीत उभी राहून बघायची. तेवढ्यासाठी मी यांना माफ केलेलं नाही.

१९९३ साली अनंत चतुर्दशीला मिरजेची मिरवणूक नेहमीसारखी दुसऱ्या दिवसापर्यंत चालली होती. कमानींखालून गणपती तळ्याकडे चालले होते, आणि सकाळी बातमी आली. लातूर. किल्लारी. भूकंप. माझं माहेर गावात, लातूर शहरात, त्यामुळे माझी माणसं वाचली. पण ते कळायला दीड दिवस गेला. यांनी घरातल्या तीन चादरी, माझ्या चार साड्या आणि तंबोरेवाल्यांकडची दोन घोंगडी बांधली आणि निघाले. अकरा दिवसांनी आले. तिथं काय पाहिलं ते कधीच सांगितलं नाही. त्यानंतर कित्येक महिने रात्री गाडी गेली आणि घराच्या खिडक्या थरथरल्या की हे उठून बसायचे. तीस वर्षं रेल्वेलगत राहिलेला माणूस.

मुख्य भांडण १९९९ चं. माझं पिशवीचं ऑपरेशन ठरलं. हिमोग्लोबिन सात. गट बी निगेटिव्ह. पेढीत साठा नव्हता. यांनी वही उघडली. बी निगेटिव्हला चार नावं. एकाला कावीळ झालेली, एक बदली होऊन पुण्याला गेलेला. तिसरे आमच्यापासून दोन गल्ल्या सोडून राहणारे कापडवाले, चालत आले असते तर सात मिनिटांत पोहोचले असते. पण त्यांनी अडुसष्ट दिवसांपूर्वी रक्त दिलेलं होतं. नव्वद व्हायला बावीस दिवस कमी. चौथा माणूस कुरुंदवाडचा, आणि कृष्णा-पंचगंगेला पाणी आलेलं.

"कापडवाल्यांना बोलवा," मी म्हणाले.

"अजून दिवस भरले नाहीत."

"अहो, मी आहे."

हे वहीकडे बघत राहिले. मग म्हणाले, "तुझ्यासाठी दिवस मोडले, तर उद्या दुसऱ्या कुणाला कसं नाही म्हणू?"

"दुसऱ्या कुणाला म्हणा ना नाही! मला हो म्हणा."

बोलावलं नाही. कुरुंदवाडचा माणूस लांबच्या वाटेनं, अर्धा ट्रॅक्टरमधून, अर्धा एसटीनं, दुसऱ्या दिवशी दुपारी येऊन पोहोचला. गुडघ्यापर्यंत चिखल. त्याला आधी आंघोळ, मग जेवण, मग रक्त. ऑपरेशन दीड दिवस लांबलं. सगळं नीट झालं, पण त्या दीड दिवसात कॉटवर पडून मी यांच्या वहीबद्दल जे जे मनात आणलं ते लिहिण्यासारखं नाही. पुढं कापडवाले भेटायला आले ते रागावूनच. "वहिनी, माझं रक्त, माझे दिवस. यांनी मला नुसतं विचारायचं तरी!" हे गप्प. मला तेव्हा यांचा राग आला होता. आज कुणी विचारलं, यांचं चुकलं का, तर मी काय सांगेन? अडुसष्ट दिवसांनी रक्त दिलेला माणूस मरत नाही हे मलाही कळतं. पण ज्यांना देणारा एकच आहे त्यांच्यासाठी तो माणूस धड ठेवावा लागतो, हेही कळतं. दोन्ही कळतं आणि तरीही राग जात नाही.

निवृत्त झाल्यावर हे घरात जास्त असतील असं वाटलं होतं. पुढच्याच वर्षी, २०१६ च्या एप्रिलमध्ये, लातूरला पाणी नव्हतं. टाक्यांपाशी जमावबंदी लागलेली. माझी वहिनी फोनवर सांगायची, भांडी राखेनं पुसतो आणि तशीच मांडतो. आणि मिरजेतून रेल्वेनं पाणी जायचं ठरलं. राजस्थानातल्या कोट्याहून टाकीचे डबे आले, आतून वाफेनं धुतलेले. पहिल्या गाडीला दहा डबे, डब्यात पन्नास हजार लिटर. पुढं पन्नास डब्यांची गाडी धावायला लागली, पंचवीस लाख लिटरची. यांचं तिथं काही काम नव्हतं. पण रोज संध्याकाळी यार्डाच्या कडेला जाऊन उभे राहायचे आणि घरी येऊन मला हिशोब सांगायचे. एवढ्या लिटरमागं लातुरात माणशी किती, तुझ्या भावाच्या घरी किती घागरी.

एक दिवस मला बरोबर नेलं. जुनी छोटी लाइन कधीच मोडली होती, रूळ रुंद झाले होते, पण वाट तीच. पंढरपूर, कुर्डुवाडी, बार्शी. मी ज्या वाटेनं नवरी होऊन आले त्या वाटेनं कृष्णेचं पाणी माझ्या माहेरी चाललं होतं. डब्यांच्या सांध्यांतून पाणी ठिबकत होतं. खाली खडीत दोन कुत्री ते चाटत होती. हे म्हणाले, "मामाला तिकीट लागलं होतं. याला नाही." पस्तीस वर्षांनी यांनी त्या मामाच्या पावतीवर केलेला हा एकच विनोद. गाडी सुटली तेव्हा यांनी हात वर केला, गार्डला करतात तसा. गार्डनंही केला. ओळख असेल नसेल.

२०१९ च्या महापुरात सांगलीच्या आयर्विन पुलापाशी पाणी सत्तावन्न फुटांच्या वर गेलं. धोक्याची पातळी पंचेचाळीस. तेव्हा यांच्या छातीत एक स्टेंट बसलेली होती, आणि मी पहिल्यांदा दाराला आतून कुलूप लावून किल्ली ब्लाउजमध्ये ठेवली. हे दोन दिवस फोनवरून दुधाच्या पिशव्या आणि इन्शुलिन इकडून तिकडं हलवत बसले. तिसऱ्या दिवशी मी पोळ्या लाटत असताना तंबोरेवाले आले. मी कुलूप काढलं. दोघंही गेले.

यांच्यानंतर साताठ महिने यांचा मोबाइल वाजत होता. मग कमी कमी होत गेला. आता पोरांचे व्हॉट्सॲपवर गट आहेत, सरकारचं ई-रक्तकोष आहे, कुठल्या पेढीत कुठल्या गटाच्या किती पिशव्या ते बसल्या जागी दिसतं. हे चांगलंच आहे. हे असते तर पहिले तेच शिकले असते. मी दर महिन्याला रिचार्ज मारते आणि फोन वाजत नाही.

दिवाळीच्या आवराआवरीत माळ्यावरच्या ट्रंकेत जुन्या वह्या सापडल्या. मी ज्या वहीतनं नावं शोधायची ती तिसरी. ही पहिली होती, लग्नाच्या आधी सुरू केलेली. कडा वाळवीनं खाल्लेल्या. बी निगेटिव्हच्या पानावर दोन नावं खोडलेली, आणि खाली तिसरं. नाव नाहीच. नुसतं 'सौ.' फोनच्या रकान्यात आडवी रेघ. तारखेच्या रकान्यात जानेवारी १९८३, म्हणजे लेक झाल्यावर दोन महिन्यांनी. आणि शेऱ्यात यांच्या त्या उभ्या, टोकदार अक्षरात, 'हिमोग्लोबिन ९. विचारू नये.'

पुढच्या वह्यांमध्ये ते नाव उतरवूनच घेतलेलं नव्हतं.

मी ट्रंकेवर बसून राहिले. बी निगेटिव्ह हवंय म्हणून किती रात्री हे वही घेऊन तळमळत बसले असतील, आणि शेजारी मी घोरत होते. गावातल्या प्रत्येक माणसाला यांनी विचारलं. हमालाला, मामलेदाराला, मिशनच्या सिस्टरला, दर्ग्यातल्या खादिमाला. मला एकदाही नाही. हे डोळ्यांत पाणी आणणारं आहे खरं. पण माझ्या मनात लगेच दुसरंही आलं. कुकर देताना कुठं विचारलं? गॅलरीत गादी घालताना? साड्या बांधताना? सौभाग्यवतीला विचारू नये, हा शेरा या माणसानं सगळ्याच रकान्यांत लावला की! आणि माझ्या अंगात रक्त नऊ होतं म्हणून विचारलं नाही, तर बारा करायला लोखंडाच्या गोळ्या कोण आणणार होतं? आणल्या होत्या म्हणा. त्याही आणल्या होत्या. खजूर, गुळाची ढेप. तेव्हा मला वाटायचं यांनाच गूळ आवडतो.

विचारलं ते एकदाच. नेत्रदानाच्या अर्जावर. तो कागद पुढं करून म्हणाले, "बघ, तुला चालत असेल तर." मी इतकी चकित झाले की वाचलाही नाही. नंतर बघितलं तर त्यात जवळच्या नातेवाइकाच्या सहीची जागाच होती. नियम होता म्हणून विचारलं.

गेल्या मे महिन्यात दारावर टकटक झाली. देवगडची माणसं. ज्या बाईला रक्त लागलं होतं तिचा तो मुलगा, आता तोच चाळिशीचा. बरोबर त्याची बायको आणि पेटी. यांच्याबद्दल त्यांना कळलं होतं. पेटी त्यानं उंबऱ्याच्या बाहेरच ठेवली, इतक्या वर्षांची सवय. म्हणाला, "काकी, आम्ही फक्त पाया पडून जातो. ही परत नेतो."

"ठेव ती आत," मी म्हणाले. "मी काय टीसी आहे?"